डोंगराच्या कोरड्या बाजूला

लेकीच्या पाळणाघरातून रोज संध्याकाळी एक वही घरी येते. सकाळी तिच्यात आम्ही मुलीचे तापमान, रात्रीची झोप आणि नाश्त्याला काय खाल्ले ते लिहायचे आणि संध्याकाळी सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षकांनी, दिवसभराचे लिहून पाठवायचे, अशी इथली, जपानमधली, रीत आहे. नोव्हेंबर संपत आला असताना एकदा त्या वहीत नेहमीपेक्षा दोन ओळी जास्त होत्या. मुलगी अंगणात खूप पळाली, तिची पाठ घामाने ओली झाली होती, तेव्हा शक्य असल्यास उद्यापासून एक कपडा कमी घालून पाठवावे, म्हणजे तिच्या शरीराला हळूहळू थंडीची सवय होईल, असे त्यांनी अतिशय नम्रपणे लिहिले होते. तो एक कपडा कोणता हे लिहिलेले नव्हते, पण ते उघड होते. आत बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्यावर माझ्या आईने म्हसवडच्या घरी ओट्यावर बसून विणलेला, गळ्याशी दोन लाकडी बटणे असलेला लोकरीचा स्वेटर. वही मिटून मी स्वयंपाकाला लागले, पण वरणाला फोडणी देऊन झाली, मुले जेवून झोपली, तरी त्या दोन ओळी मनातून जाईनात.

त्या ओळींत रागावण्यासारखे काही नव्हते. माझी मुलगी दिवसाचा मोठा भाग सेन्सेईंजवळ असते आणि ती कधी नुसती रुसली आहे, कधी खरोखर थकली आहे, हे आता त्यांना माझ्याइतकेच कळते. शिवाय ही सूचना काही आमच्यापुरती काढलेली नव्हती. सकाळी पाळणाघराच्या फाटकाशी उभे राहिले की दिसतेच. पारा दोन-तीन अंशांवर असतो, अंगणातल्या काळ्या मातीतून रात्रीतून बर्फाच्या सुयांचे बोटभर उंचीचे खांब उगवून आलेले असतात, आणि सायकलींच्या मागच्या आसनांवरून अर्ध्या चड्डीतली मुले खाली उतरत असतात. त्यांचे गुडघे लाल झालेले असतात, नाके वाहत असतात आणि ती मुद्दाम त्या गोठलेल्या मातीवर पाय देऊन कुरुमकुरुम आवाज काढत आनंदाने ओरडत असतात. मुलांना हलक्या कपड्यांत वाढवावे, म्हणजे त्यांचे शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करायला शिकते, असे इथल्या अनेक पाळणाघरांचे मत आहे आणि जुन्या माणसांचेही आहे. माझ्या लहानपणी मात्र थंडी शरीरात शिरत असे. ती उघड्या कानांतून आत यायची, तळपायांतून वर चढायची आणि छातीत जाऊन बसायची. दिवाळी झाली की आई ट्रंकेतून कानटोप्या काढायची, रात्री तव्यावर ओवा गरम करून फडक्याच्या पुरचुंडीने छाती शेकायची आणि खोकला वाजला की वेखंड उगाळायची. शाळेला निघताना ‘कान झाक गं’ हे वाक्य फाटकापर्यंत सोबतीला यायचे. आमच्या घरात कोणी कोणाला प्रेमाचे शब्द बोलून दाखवले नाहीत. अंगावर आणखी एक काहीतरी घातले. त्यामुळे ‘एक कपडा कमी’ ही सूचना माझ्या मुलीच्या अंगावरून काय उतरवायला सांगते आहे, याचा विचार मी रात्री बराच वेळ करत राहिले.

आम्ही ताकासाकीला राहतो. गुन्मा प्रांतात, कांतोच्या मोठ्या मैदानाच्या वायव्य टोकाला हे शहर आहे. नवऱ्याचा कारखाना इथे, म्हणून आम्ही इथे. जपानचा हिवाळा म्हटला की आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे बर्फाखाली दबलेली छपरे येतात, पण आमच्या शहरातला हिवाळा म्हणजे लख्ख ऊन, ढगाचा ठिपकाही नसलेले आकाश आणि वारा. काराक्काझे नावाचा हा कोरडा वारा डिसेंबरपासून मार्चपर्यंत या भागाचा पिच्छा सोडत नाही. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतात आणि मोकळ्या शेतांतली माती उडून दाराच्या फटींतून आत येते. कारखान्यातून परत येताना समोरून वारा असला की नवरा सायकलवरून उतरून चालत येतो. उत्तरेला आकागी आणि हारुना, पश्चिमेला मियोगी, आणि हवा स्वच्छ असली की आसामा ज्वालामुखीचा पांढरा माथा, असे डोंगर आमच्या शहराच्या भोवती उभे आहेत. त्यांच्याही पलीकडे, मिकुनी रांगेच्या मागे, सगळे उलटे असते. सैबेरियातून निघालेला थंड आणि कोरडा वारा जपानचा समुद्र ओलांडताना खालच्या उबदार त्सुशिमा प्रवाहावरून बाष्प उचलतो, डोंगरांना धडकून वर चढतो आणि ते सगळे बाष्प निइगाताच्या बाजूला बर्फ होऊन कोसळते. ओझे उतरवून मोकळा झालेला तोच वारा मग आमच्या बाजूला उतरतो. कोरडे वारे आणि कर्तबगार बायका या दोन गोष्टींसाठी गुन्माची ख्याती आहे. इथल्या बायकांनी रेशमाच्या किड्यांवर आणि मागांवर घरे चालवली, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले, असे सांगतात. जवळच तोमिओकाला १८७२ साली सुरू झालेली रेशीम गिरणी आजही जपून ठेवलेली आहे.

ही वाऱ्याची आणि डोंगराची गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला आमच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. आषाढात पश्चिमेकडून ढग यायचे, आमच्या डोक्यावरून पळत पळत पुढे जायचे, आणि वडील शेताच्या बांधावर कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभे राहायचे. बहात्तरच्या दुष्काळात ते शाळकरी पोर होते. खडी फोडणाऱ्या आपल्या आईजवळ ते दिवसभर बसलेले असायचे. पाऊस पडतो, पण तो डोंगराच्या पलीकडच्या लोकांसाठी पडतो, हे मला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी घरात कळले होते. इथे आल्यावर पहिल्याच जानेवारीत खिडकीतून उत्तरेकडे पाहिले, तेव्हा डोंगरमाथ्यांवर करड्या ढगांची भिंत अडून राहिलेली होती आणि आमच्या अंगणात ऊन पडलेले होते. मला त्या दृश्यात परके असे काहीच वाटले नाही.

मी एका डोंगराच्या कोरड्या बाजूला जन्मले आणि दुसऱ्या डोंगराच्या कोरड्या बाजूला संसार मांडला.

घराबाहेरची थंडी समजायला सोपी होती. घरातल्या थंडीची ओळख व्हायला वेळ लागला. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर घरांच्या भिंती जाड असतात, खिडक्या दुहेरी असतात आणि सगळे घर एकसारखे उबदार असते. आमच्या भागातली जुनी घरे मात्र उन्हाळ्याच्या दमट उकाड्याचा विचार करून बांधल्यासारखी हलकी आहेत. आमचे घर दोन मजली लाकडी इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. ॲल्युमिनियमच्या चौकटीत काचेचे एकच पातळ तावदान, आणि त्यातून रात्रभर थंडी झिरपत राहते. पहाटे झोपायच्या खोलीत स्वतःचा श्वास दिसतो. दिवाणखान्यात रॉकेलचा हीटर आहे. तो तीन तासांनी एक धून वाजवून आपोआप बंद होतो, म्हणजे माणूस झोपला असेल तर धोका नको. आणि मधूनमधून खिडकी उघडून कोंडलेली हवा बाहेर घालवावी लागते, म्हणजे कमावलेली ऊबही तिच्याबरोबर जाते. रॉकेल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड काचेवर जाऊन बसते. त्यामुळे बाहेर हवा इतकी कोरडी असूनही आमच्या खिडक्या सकाळी आतून गळत असतात आणि मुले उठायच्या आत त्या फडक्याने पुसून घेणे हे माझे हिवाळ्यातले पहिले काम असते. नाही पुसल्या तर चौकटीच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. संध्याकाळी रॉकेलवाल्याची गाडी कर्ण्यावर गाणे लावून गल्लीतून जाते. ते सूर ऐकू आले की नवरा अठरा लिटरचा लाल डबा घेऊन जिना उतरतो आणि लेक चपला उलट्या घालून त्याच्या मागे धावते.

या घरांमध्ये सगळे घर तापवत नाहीत, माणूस बसतो तेवढीच जागा तापवतात. कोतात्सू हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बुटके मेज, त्याच्या तळाला विजेची शेगडी, वरून चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी रजई आणि रजईवर मेजाचा वरचा पृष्ठभाग. पाय आत घातले की कमरेखाली उन्हाळा आणि कमरेवर हिवाळा. आम्ही त्याच्याभोवती जेवतो, लेक तिथेच चित्रे काढते, खालच्या मजल्यावरच्या आजींनी दिलेली पत्त्यांसारखी चित्रांची चवड तिथेच मांडून बसते. १९४७ पासून गुन्मातली मुले हा चव्वेचाळीस पानांचा खेळ खेळत आली आहेत आणि त्यातली पाने आपल्या प्रांताचे डोंगर, नद्या, माणसे आणि हा कोरडा वारासुद्धा मुलांना तोंडपाठ करायला लावतात. आठ महिन्यांचा धाकटा रांगत येऊन रजईचा कोपरा उचलतो आणि आत डोकावतो, म्हणून कोणीतरी एकाने सतत त्याच्यावर नजर ठेवायची असते. आमच्या कोतात्सूवर रजईच्या वर आजोबांची घोंगडी असते. म्हसवडच्या सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, काळी आणि खरखरीत. येताना मी ती आणली तेव्हा सामानाचे वजन वाढते म्हणून नवऱ्याने नको म्हटले होते. आता थंडीच्या रात्री तो तीच आधी ओढून घेतो. शेगडी चालू झाली आणि घोंगडी तापली की तिच्यातून मेंढराचा, धुराचा आणि आजोबांच्या तंबाखूचा वास येतो. जपानी रजईच्या साबणाच्या वासात तो मिसळतो आणि मग मी कुठे बसले आहे हे काही क्षण मला ठरवावेसेच वाटत नाही.

एकत्र बसण्याची ही सक्ती मला प्रिय झाली आहे. पुण्याला आमच्या लग्नानंतरच्या घरात तीन खोल्या होत्या आणि आम्ही दोघे बहुतेक वेळा दोन वेगळ्या खोल्यांत असायचो. इथे डिसेंबर लागला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसणे शक्यच नसते. कोणाचे काहीही बिनसलेले असले तरी पाय त्याच रजईखाली घालावे लागतात, आणि पायाला पाय लागले की भांडण फार काळ ताणता येत नाही. संध्याकाळच्या आंघोळीचेही तसेच. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मग एकेचाळीस अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरायचे. तेच पाणी सगळ्यांनी वापरायचे. नवरा दोन्ही मुलांना घेऊन पाण्यात बसतो आणि मी दाराशी टॉवेल उलगडून उभी राहते. त्याने आत नेऊन धाकट्याला न्हाऊ घालायचे आणि मी बाहेर त्याला गुंडाळून घ्यायचे, ही आमची कामाची वाटणी आहे. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना कधी आंघोळ घातल्याचे मला आठवत नाही. तापलेल्या पाण्यातून एकदम थंड खोलीत आल्याने दर हिवाळ्यात इथे अनेक वृद्ध माणसे दगावतात, म्हणून खालच्या आजी आंघोळीआधी कपडे काढायच्या जागी छोटा हीटर लावतात आणि मलाही तसेच करायला सांगतात. सर्वांत लहान दिवसाला, डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला, त्यांनी आपल्या झाडाची युझू नावाची पिवळी, खडबडीत सालीची लिंबे पिशवीभर आणून दिली. ती तशीच न कापता गरम पाण्यात सोडतात. लेक ती पकडत बसली, दाबत बसली, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्या केसांना त्या सालीचा कडवट गोड वास येत होता. त्याच दिवशी पाळणाघरात सगळ्यांना भोपळा खाऊ घातला होता.

संक्रांतीला धाकट्याचे बोरनहाण केले. हलव्याचे दागिने आईने पाठवले होते, काळे झबले मी शिवले. तीळ इथल्या कोणत्याही दुकानात भाजलेले मिळतात आणि ओकिनावाच्या काळ्या गुळाने तिळगूळ उत्तम होतो, जरा जास्त खमंगच. चुरमुरे मिळाले. ऊस मिळाला नाही. बोरांच्या जागी किनकान नावाची अंगठ्याएवढी संत्री घेतली. उधळायचा हलवा कुठून आणायचा हा प्रश्न होता, तो मिठाईच्या दुकानात कोनपेइतो पाहिल्यावर सुटला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानला आलेली ही साखरेची मिठाई हुबेहूब आपल्या काटेरी हलव्यासारखी दिसते. तिरप्या फिरत्या कढईत पाकाचे थर देत देत ती तयार व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. आई परातीत तिळावर बोटांनी पाक शिंपडत, मंद विस्तवावर, थंडीतच हलवा करते, कारण थंडीशिवाय काटा येत नाही, असे ती म्हणते. एका रविवारी घरात सहा-सात माणसे जमली. ताकासाकीतली दोन भारतीय कुटुंबे आणि खालच्या आजी. धाकट्याच्या डोक्यावरून चुरमुरे, किनकान आणि कोनपेइतो ओतले तेव्हा तो आधी दचकला आणि मग दोन्ही हातांनी पसारा विस्कटू लागला. आजींना हे फार आवडले. पुढे फेब्रुवारीच्या आरंभी त्यांच्याकडे सेत्सुबुन होते. त्या दिवशी राक्षसाला भाजलेले सोयाबीन फेकून मारतात, तो बाहेर जावो आणि भाग्य आत येवो म्हणून ओरडतात, आणि आपल्या वयाइतके दाणे खातात. पाळणाघरात मुखवटा घातलेला राक्षस आला. लहान मुलांच्या घशात दाणे अडकू नयेत म्हणून आता तिथे वर्तमानपत्राचे बोळे फेकतात. माझी लेक रडली, पण बोळा फेकला, असे त्या वहीत लिहून आले. थंडीच्या ऐन मध्यावर दोन्ही ठिकाणी मुठी भरून काहीतरी उधळले जाते. आमच्याकडे ते मुलाच्या अंगावर पडते, त्याला थंडी बाधू नये म्हणून. यांच्याकडे मुलाच्या हातात दिले जाते, आणि त्याने ते भीतीच्या अंगावर टाकायचे असते.

फेब्रुवारीत आम्ही डोंगर ओलांडला. बुलेट ट्रेनने ताकासाकीहून एचिगो-युझावाला अर्ध्या तासात जाता येते. दाइशिमिझू नावाचा बावीस किलोमीटरचा बोगदा १९८२ मध्ये ती गाडी सुरू झाल्यापासून वापरात आहे. पण मला तो बदल सावकाश पाहायचा होता, म्हणून मुलांना घेऊन आम्ही जुन्या मार्गाच्या साध्या गाडीने गेलो. या मार्गावर डोंगरापलीकडे जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. मिनाकामीपर्यंत ऊन साथीला होते, त्यानंतर डब्यातला उजेड करडा होत गेला आणि गाडी १९६७ च्या बोगद्यात शिरली. दोआई हे स्थानक त्या बोगद्यातच आहे. फलाटावरून वर जमिनीवर यायला चारशे ऐंशीहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. दार उघडले तेव्हा खडकाचा, ओल्या सिमेंटचा गारठा डब्यात आला, पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेले दोन गिर्यारोहक उतरले आणि दार मिटले. बोगदा संपला तेव्हा लेकीने काचेला नाक लावले. बाहेर रंग उरलेला नव्हता. छपरांच्या कडांना माणसाएवढा जाड बर्फ लोंबत होता, झाडांच्या फांद्या खाली वाकल्या होत्या, सिग्नलचे दिवे आडवे नसून उभे लावलेले होते, म्हणजे त्यांच्यावर बर्फ कमी साचतो. धाकटा माझ्या कोटाच्या आत, पोटाशी बांधलेला, झोपून राहिला.

शिओझावाच्या शेताडीत आम्ही जे पाहिले, त्यासाठी मी ही सगळी खटपट केली होती. हे एचिगो-जोफू नावाच्या तलम कापडाचे गाव. रॅमी नावाच्या झुडपाच्या सालीचे तंतू नखाने बारीक चिरून, एकमेकांना जोडून धागा करतात आणि कमरेला बांधलेल्या मागावर तो विणतात. हा धागा कोरड्या हवेत तटकन तुटतो. बर्फाने वेढलेल्या, ओलसर घरात बसूनच तो विणता येतो, म्हणून शतकानुशतके इथल्या बायका हिवाळाभर विणत आल्या. २००९ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद घेतली. विणलेले कापड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बर्फावर पसरतात. उन्हात बर्फावरून ओझोन निघतो आणि त्याने कापड उजळते, असे सांगतात. दूरच्या शहरांत गेलेले जुने, डागाळलेले किमोनोही पुन्हा याच बर्फावर अंथरायला पाठवले जातात. आम्ही गेलो तेव्हा नुकतेच ऊन पडले होते आणि पांढऱ्या शेतावर कापडाचे लांब पट्टे ओळीने पसरलेले होते, काही पांढरे, काही निळसर. पायांत बर्फातले रुंद जोडे घातलेली दोन माणसे कापडाची टोके धरून ते सारखे करत होती. मी बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडे पाणी नाही, गवत खुरटे, त्यावर फक्त मेंढरू जगते, म्हणून घोंगडी झाली. यांच्याकडे पाच महिने घराबाहेर पडता येत नाही आणि हवा ओली, म्हणून हे तलम कापड झाले. ज्या गोष्टीने माणसाला कोंडून घातले तिलाच त्याने कामाला लावले, ही गोष्ट मला माझ्या गावाकडून ठाऊक होती. तिची दुसरी बाजू मला त्या शेतावर डोळ्यांनी दिसली.

बर्फाचे कौतुक करणे पाहुण्याला सोपे असते, हेही त्या मुक्कामात कळले. आम्ही उतरलो होतो त्या छोट्या खाणावळवजा घरातले सत्तरीचे आजोबा पहाटे पाचला मोठे सुपासारखे फावडे ढकलत दारातला बर्फ बाजूला करत होते, आणि नाश्ता झाल्यावर पाहिले तर दार पुन्हा बुजलेले होते. घराचा खालचा मजला काँक्रीटचा, त्यात गाडी आणि अवजारे; राहायचे वर. छपरावरचा बर्फ उतरवताना पडून दर वर्षी माणसे मरतात, त्यांत म्हातारेच जास्त, कारण तरुण शहरात गेलेले आहेत. रस्त्याच्या मधोमध नळ्यांची भोके असतात आणि त्यांतून जमिनीतले पाणी कारंज्यासारखे शिंपडून बर्फ वितळवतात. भूजल हिवाळ्यातही फार थंड होत नाही, म्हणून हे साधते. त्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेले असतात. पाण्याच्या या उपशाने तिथली जमीन हळूहळू खचते आहे. जमिनीतून काढलेले पाणी रस्त्यावर ओतायचे, हे बघताना माझ्या पोटात कसेसेच झाले. लेक मात्र त्या पाण्यातून छपाक छपाक करत चालली होती. टेकडीवर तिने प्लास्टिकच्या घसरगाडीवरून इतक्या वेळा घसरून घेतले की शेवटी तिने स्वतःच हातमोजे काढले, कोटाची चेन उघडली आणि ‘आई, गरम होतंय’ म्हणाली.

मी कोट पुन्हा बंद केला नाही. एरवी माझा हात आपोआप गेला असता. सेन्सेईंचे म्हणणे मला त्या टेकडीवर पटले असे म्हणता येणार नाही, कारण तिची लाल झालेली बोटे पाहून माझ्या छातीत कालवले तेही खरेच होते. पण तिच्या चेहऱ्यावर थंडीची भीती नव्हती आणि ती भीती तिला मी द्यावी, असे मला वाटेना. सध्या आम्ही असे करतो की पाळणाघरात तिला हलका सदरा घालून पाठवतो आणि स्वेटर पिशवीत देतो. सेन्सेई दुपारच्या झोपेनंतर, अंग थंड असते तेव्हा, तो तिला घालतात. हे त्यांनी आपणहून सुरू केले. विणकाम सुंदर आहे, असेही त्यांनी वहीत लिहिले. ते मी आईला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती खूश झाली, आणि लगेच, मग पोरीला सकाळी का घालत नाहीत, असे विचारले. तिला मी खरे कारण सांगितले. ती म्हणाली, ‘त्यांची लेकरं तिथलीच हायत. आपलीला सोसायचं न्हाई.’ आपली लेक आता कुठली आहे, यावर आम्ही दोघीही पुढे बोललो नाही. तिचा जन्म ताकासाकीचा आहे, तिला बर्फाच्या सुयांवर नाचता येते आणि रात्री झोपताना घोंगडीचे टोक गालाशी लागते.

वडिलांना बर्फाचे फोटो पाठवले होते. त्यांनी थंडीबद्दल काहीच विचारले नाही. किती हात पडतो, किती महिने राहतो, विहिरी किती खोल आहेत, असे प्रश्न आधी आले, आणि मग, ‘ह्ये समदं वितळल्यावर पानी जातंय कुठं?’ मी नकाशा घेऊन बसले. निइगाताच्या बाजूचे पाणी उओनो नदीतून शिनानोला मिळते आणि जपानच्या समुद्रात जाते. पण ढग माथ्यावरून थोडे अलीकडेही सांडतात. मिनाकामीच्या वरच्या डोंगरांत ओमिनाकामी नावाच्या शिखराखाली तोने नदी उगम पावते, तिथला बर्फ यागिसावासारख्या धरणांत साठतो आणि ती नदी आमच्या मैदानातून वाहत तीनशे बावीस किलोमीटर जाऊन पॅसिफिकला मिळते. ताकासाकीतली कारासू नदी तिलाच जाऊन मिळते, आणि तोक्योच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटाही तिचाच. म्हणजे इथे कोरड्या बाजूलाही डोंगरावरचे पाणी पोहोचते, फक्त ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, सावकाश येते. वडिलांनी हे दोनदा समजावून घेतले. बर्फ म्हणजे डोंगरावर बांधलेले धरणच की, असे म्हणाले. मग कोणत्या गावाला किती पाणी मिळते आणि ते कोण ठरवते, हे त्यांना हवे होते, आणि ते मला नीट सांगता आले नाही.

आता दोघांनी यायचे ठरवले आहे. वडिलांना मे महिन्यात यायचे आहे, कारण तेव्हा वितळलेले पाणी नद्यांतून भरून वाहते आणि पलीकडे उओनुमाच्या खाचरांत भाताची लावणी चालू असते. ते पाणी वाहताना पाहायचे आणि लावणी करणाऱ्या माणसांशी, मी मध्ये बसून, बोलायचे, असा त्यांचा बेत आहे. आईला मात्र जानेवारीतच यायचे आहे. नातवंडे ज्या थंडीत उघड्या गुडघ्यांनी हिंडतात ती तिला स्वतः अंगावर घेऊन पाहायची आहे, आणि तोपर्यंत धाकट्याचा स्वेटर विणून होईल, असे ती म्हणते. दोघे वेगवेगळे येऊ शकत नाहीत, कारण विमान बदलताना एकट्याने जमणार नाही. तिकिटे अजून काढलेली नाहीत.